केक कुणी केला?

बसा. दोघंही बसा. पालक-मीटिंगला यायचं, सही ठोकायची आणि पळायचं, ही रीत बाकी कुठं चालत असेल तर चालू दे, माझ्या वर्गात चालत नाही. भाऊ, तो मोबाइल खिशात टाका. रातपाळी करून थेट इकडे आला आहात, डोळ्यांवरून कळतंय मला. म्हणून लवकर सोडीन. पण जे बोलणार आहे ते गोड लागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ही वही बघा. तुमच्या मुलाची. इयत्ता चौथी, गणित. मी काय सांगितलं होतं? रविवारी घरात जे काही शिजेल त्यात हात घाला, माप घ्या आणि काय किती लागलं ते स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. इतकंच. बहुतेक पोरांनी आणलं. कुणी चहा लिहिला, कुणी वरणभात. एका मुलीनं लिहिलं, 'आज भाजी नव्हती. ठेचा केला. मिरच्या अकरा, त्यातल्या दोन सडक्या, उरल्या नऊ.' तिला मी वर्गापुढे उभी करून शाबासकी दिली. आणि तुमच्या चिरंजीवांनी काय आणलं? चॉकलेट केक. मैदा दीड कप, कोको पावडर एक तृतीयांश कप, लोणी पाऊण कप, ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्यावा. खाली स्केचपेननं केकचं चित्र. वर चेरी.

ताई, तुमच्या घरात ओव्हन आहे?

नाही. मला माहीत आहे, कारण सर्व्हेला मी कोसाड आवास वसाहतीतले जिने चढले आहे आणि तुमच्याकडे पाणीही प्याले आहे. दोन बर्नरची शेगडी, बाजूला पिठाचा डबा, कोपऱ्यात साड्यांचा गठ्ठा. त्या ओट्यावर ओव्हन ठेवायचा तर शेगडी खाली उतरवावी लागेल. मग हा केक कुणी भाजला? कुणीच नाही. कुणीतरी मोबाइलवर शोधला आणि तुमच्या थोरल्या मुलीनं सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. तिचं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखेन, माझ्याच हाताखालून गेली आहे ती. मुलाला विचारलं, एक तृतीयांश कप म्हणजे किती रे? म्हणाला, तीन कप.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्हाला वाटलं, बाईंना काहीतरी भारी दाखवावं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वहीत लिहिलं तर आपलं घर उघडं पडेल. ह्याच गोष्टीचा मला संताप आला आहे. खोटं लिहिलं म्हणून मी दोन बोटांवर पट्टी मारून मोकळी झाले असते, आणि तीही मुलाच्या नाही, तुमच्या. पण पोराला तुम्ही न बोलता शिकवलंत की आपल्या घरातलं काही शाळेत दाखवण्याजोगं नाही. गणित म्हणजे दुसऱ्याच्या घरातला केक. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सहा वर्षं कुणी मास्तर ते काढू शकत नाही.

आता त्या थोरलीचं ऐका. सहावीत आहे. तुम्ही साड्यांवर डायमंड चिकटवत बसता, संध्याकाळपर्यंत गठ्ठा परत द्यायचा असतो, म्हणून रात्रीचा स्वयंपाक तिच्याकडे. पाच माणसांच्या पोळ्या, बापाचा डबा वेगळा, आजीला दात नाहीत म्हणून तिची खिचडी मऊ. ही मुलगी रोज बारा-पंधरा हिशोब करते आणि एकही चुकत नाही, चुकला तर घरात कुणीतरी उपाशी राहील. आणि परीक्षेत काय? तिच्या वर्गशिक्षिकेनं मला पेपर आणून दाखवला. १/२ + १/४ = २/६.

मी तिला बोलावून घेतलं. म्हटलं, वाटीत अर्धी वाटी तेल आहे, त्यात पाव वाटी आणखी ओतलं, किती झालं? डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणाली, पाऊण. मग पेपरात काय लिहिलंस बाई? दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्यापेक्षाही कमी. तेल ओतलं आणि तेल कमी झालं? ती पेपराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "टीचर, ते गणितातलं आहे ना."

ऐकलंत? ते गणितातलं आहे. तिच्या लेखी स्वयंपाकघरातलं पाऊण वेगळं आणि गणितातलं पाऊण वेगळं, दोघांची ओळखदेख नाही. ही ओळख करून देणं आपलं काम होतं. शाळेनं ते केलं नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा, शाळेला जे ऐकवायचं ते मी वेगळं ऐकवते. आज पाळी तुमची आहे.

हे फक्त तुमच्या घरातलं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या बाजारात नारळ-फळं विकणाऱ्या पोरांचा हिशोब तीन संशोधकांनी तपासला, १९८५ साली तो छापून आला. गिऱ्हाईक म्हणून गेले आणि विचारलं, एक नारळ ३५ ला, दहा किती? बारा वर्षांचा पोरगा म्हणाला, तीन म्हणजे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन ३१५, आणि एक, ३५०. चूक काढायला जागा नाही. बाजारातल्या अशा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव हिशोबांची उत्तरं बरोबर आली. मग तीच गणितं कागदावर आकडे मांडून दिली, तर शंभरात सदतीस. चार नारळांचे १४० सांगणाऱ्या पोरानं ३५ गुणिले ४ कागदावर २०० लिहिले. चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. शाळेची रीत अर्धवट आठवली आणि स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं. तुमच्या मुलीनं वेगळं काय केलं?

आणि आपल्याकडचं सांगू? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, २०१९ चं नोबेल मिळालेलं जोडपं, त्यांनी सोबत्यांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात बसणारी चौदाशेच्या वर मुलं तपासली. २०२५ मध्ये 'नेचर' नावाच्या मोठ्या नियतकालिकात ते आलं. पोरं बटाटे-कांद्याचे आडवेतिडवे हिशोब तोंडी फटाफट करत होती आणि शाळेतला साधा भागाकार पुढे ठेवला की थबकत होती. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं तपासली तर उलटं, वहीत ठीक आणि बाजारात अडखळणारी. दोन्हीकडे दार एकच होतं, उघडून दाखवायला कुणी नव्हतं.

काय म्हणालात भाऊ? मग घरी करून उपयोग काय, म्हणून तर ट्यूशन लावली? वाटच बघत होते मी या वाक्याची. दरमहा पैसे मोजता, पोरगा तिथं जाऊन काय करतो? शाळेतलीच उदाहरणं पुन्हा उतरवतो. उतरवायची सवय त्याला तिथलीच लागली आहे, केक त्याच सवयीतून आला. घरच्या हिशोबाचा उपयोग आपोआप होत नाही, हेच तर आत्ता सांगितलं. वाटी हातात असताना आकडा कागदावर उतरला पाहिजे, आणि कागदावरचा आकडा बघून वाटी हातात घेता आली पाहिजे. ट्यूशनमध्ये वाटी नाही. तुमच्या ओट्यावर वही नाही. काखेत कळसा आणि पोरगं अमरोलीभर क्लास शोधत फिरतंय.

आता नीट ऐका, कसं करायचं ते. खिचडीपासून सुरू करू, खानदेशातल्या माणसाला ती शिकवायला नको. तांदूळ दोन वाट्या, तूरडाळ एक वाटी. धुवायच्या आधी मुलाला विचारा, पाणी किती लागेल? विचारायचं आणि गप्प बसायचं. ताई, गप्प बसायचं म्हणजे तोंड मिटून बसायचं, उत्तर ओठांवर आणून उभं राहायचं नाही. तो काहीतरी सांगेल. दहा म्हणेल, शंभर म्हणेल. लिही म्हणावं वहीत, 'माझा अंदाज'. मग मोजून ओता. मोकळी हवी तर तिन्ही वाट्यांच्या दुप्पट, सहा. आजीसाठी मऊ हवी तर तिप्पट, नऊ. 'खरं माप' म्हणून खाली तेही लिहील. अंदाज आणि माप यांतला फरक किती, ती वजाबाकी. झालं एका दिवसाचं गणित. पान अर्धं भरलं तरी चालेल.

दुसऱ्या रविवारी गावाकडून काका-काकू येतात. उधना-जळगाव गाडीनं तुमच्याकडे कुणी ना कुणी येतच असतं, ते मला सांगू नका. आजीची मऊ वेगळी, उरलेल्या चार माणसांची खिचडी आता सहांची करायची. मुलाला विचारा. दुप्पट म्हणेल, त्याला दुप्पटच येते. दुप्पट केली तर आठ जणांची होईल, दोघांची वाया जाईल, मग? निम्मी आणखी. तांदूळ दोनाचे तीन, डाळ एकाची दीड, पाणी सहाचं नऊ. दिडकी म्हणतात त्याला. तुमच्या आई-वडिलांच्या पिढीला हे पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, साडेतीनाची औटकी. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. दर पायरीला दुप्पट, उतरताना निम्मं. घरात म्हातारी बसली आहे, तिला ही मापं वापरलेली आठवत असतील. चिपटं म्हणजे पायलीचा कितवा भाग, हे नातवानं तिला विचारावं आणि तिनं धान्यात हात घालून दाखवावं. सोळावा. तुम्ही म्हातारीला टीव्हीसमोर बसवलं आहे आणि नातवाला मोबाइलसमोर.

मग तिखट-मिठाचं. तेही दीडपट? इथं थांबवा त्याला. एकदम दीडपट मीठ टाकू नका, चाखून टाका. आणि कुकरच्या शिट्ट्या? चार माणसांना तीन शिट्ट्या लागल्या, तर सहांना साडेचार? पोरगा हमखास म्हणेल, साडेचार. मला हे फार आवडतं. त्रैराशिक कुठं लावायचं आणि कुठं नाही, हे मोठ्या वर्गातल्या पोरांनाही कळत नाही. एक माणूस खड्डा एका दिवसात खणतो तर शंभर माणसं किती मिनिटांत, असलं उत्तर काढून मोकळी होतात, शंभर जणांना त्या खड्ड्यात उभं राहायला जागा आहे का हे बघत नाहीत. शिट्ट्या जवळपास तेवढ्याच लागतात हे ज्या पोरानं कानानं मोजलं, तो असलं उत्तर लिहिताना एकदा तरी थांबेल.

किराण्याची पिशवी आली की ती फोडायच्या आधी त्याच्या हातात द्या. तेलाची एक लिटरची पिशवी असेल तर वजन वाचायला सांगा. बहुधा ९१० ग्रॅम लिहिलेलं सापडेल. लिटर म्हणजे किलो असं तो मानून चालला आहे, कारण पाण्याचं तसंच असतं. मग तेलाचे नव्वद ग्रॅम कुणी खाल्ले? त्याला विचार करू द्या. दुकानदारावर आळ घेईल, घेऊ दे. नंतर कढईत पाणी आणि तेल एकत्र पडलं तर वर काय तरंगतं ते दाखवा. तेवढं पुरे, विज्ञानाचे सर पुढचं बघतील.

तांदळाची किलोची पिशवी घ्या आणि तुमच्या वाटीनं मोजायला सांगा. माझ्या घरच्या वाटीनं सहा भरतात, तुमची लहानमोठी असेल. सहा धरू. हजार भागिले सहा, १६६ आणि बाकी चार. त्या उरलेल्या चार ग्रॅमचं काय करायचं हे त्याला कळेना, तर कळेना. बाकी म्हणजे नुसता तळाशी लिहायचा आकडा नव्हे, चिमूटभर तांदूळ आहेत ते, एवढं कळलं तरी बास. आता रेशनकार्ड काढा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य. पाच किलो म्हणजे किती वाट्या? तीस. महिन्याचे दिवस किती? तीस. म्हणजे सरकार माणशी दिवसाला एक वाटी देतं. हा हिशोब तुमच्या मुलानं स्वतः काढला तर त्याचं तोंड कसं होतं ते बघा. आणि लगेच विचारा, एकतीसचा महिना आला तर? तुम्ही घरात यावर रोज बोलत असाल, मुलांना ऐकू येऊ नये म्हणून आवाज खाली आणून. ऐकू द्या. त्यात लाज कसली? पाठ्यपुस्तकातला सुरेश बाजारातून बारा डझन केळी आणतो, त्यापेक्षा हा भागाकार खरा आहे.

गॅसची टाकी. आत १४.२ किलो गॅस, रिकाम्या टाकीचं वजन वर रंगवलेलं असतं. दोन्हींची बेरीज म्हणजे भरल्या टाकीचं वजन, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह ठेवून. टाकी लावली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, संपली त्या दिवशी पुन्हा. चाळीस दिवस गेली तर दिवसाला ३५५ ग्रॅम. झाकण ठेवून डाळ शिजवली तर पुढची टाकी किती दिवस जाते, तेही मोजता येईल. असली आकडेमोड करणारं पोर घरात असेल तर तुमचे दोन पैसे वाचतीलही, पण ते जाऊ दे.

पोर भाजेल म्हणता? बरोबर आहे, भाजेल. म्हणून तर म्हणते, चुलीपाशी त्याला जाऊ देऊ नका. कुकर उतरवणं, फोडणी टाकणं, उकळतं दूध, हे मोठ्यांचं. नऊ वर्षांच्या मुलाचं सगळं गणित काडी ओढायच्या आधी होतं. मोजणं, निवडणं, मळायला पीठ काढणं, भाकरीचे चार चतकोर करणं, कोणाच्या ताटात किती गेले ते सांगणं. दोन भाकऱ्या पाच जणांत वाटायला सांगा एकदा आणि बघा डोकं कसं खाजवतो.

आणि खरं कारण भाजण्याचं नाहीच, बोलून टाका. 'पोरगा आहे, त्याचं स्वयंपाकघरात काय काम.' तुमच्या तोंडून नसेल निघालं, पण घरात कुणाच्या तरी तोंडून निघालं आहे, मुलगा वर्गात तेच म्हणत होता. मुलीला वाटी दिलीत आणि वही दिली नाहीत. मुलाला वही दिलीत, वाटी दिली नाहीत. दोघांचंही अर्धं अर्धं शिक्षण केलंत, आणि त्यांच्या अर्ध्यांची बेरीजसुद्धा होऊ दिली नाहीत, कारण एक ओट्यापाशी आणि दुसरा क्लासला. तो क्लासहून येतो तेव्हा ती त्याला ताट वाढून देते. वर त्याचा गृहपाठही तिनंच लिहायचा. आणि नापास कोण? ती.

ताई, रडू नका. तुमच्या कामाचं मोल मला कळतं, एका साडीत किती फुलं आणि एका फुलात किती डायमंड हे तुम्ही न मोजता सांगाल. तेच तर म्हणते मी. फुलं किती, एका फुलाला खडे किती, पाकिटात किती आले, पुरतील का, हा गुणाकार आहे आणि तो तुम्ही करता. मुलाला शेजारी बसवून तो मोठ्यानं करा. भाऊ, तुम्ही कापडाच्या मीटरवर पगार घेता. महिन्याच्या शेवटी शेठनं दिलेला आकडा आणि तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा जुळत नाही तेव्हा किती वेगानं हिशोब करता हो? पावसाळ्यात तापीवरचं उकाई धरण भरायला, ३४५ फुटांना, किती कमी आहे हे तर इथली चहाची टपरीही रोज वजा करत असते, २००६ च्या ऑगस्टात तापी घरात शिरलेली बघितली आहे लोकांनी. तरी तुम्ही मला सांगता, आम्ही अडाणी, सातवीपर्यंत शिकलो, आम्हाला काय येतंय गणित. हे वाक्य मुलासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. सक्त ताकीद आहे.

साहित्य आणावं लागेल का, किट मिळतं का, असं मागे एका पालकांनी विचारलं होतं. रंगीत प्लॅस्टिकचे कप, अपूर्णांकांच्या चकत्या, बरीच किंमत असते. काही आणायचं नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक, आपल्या मराठी बाई, त्यांनी महागडं माँटेसरी साहित्य गरिबाच्या पोराला परवडणार नाही हे ओळखलं आणि बिया, शंखशिंपले, खडे, पानं वापरायला काढली. १९४५ ला बोर्डीत, अनुताई वाघ सोबत. मग १९५७ पासून कोसबाडला, आदिवासी पाड्यांमधल्या मुलांसाठी. कोसाडहून रेल्वेनं मुंबईकडे निघालात तर डहाणूच्या अलीकडे घोलवड लागतं, तिथून कोसबाडची टेकडी जवळ. त्यांनी बिया-खड्यांवर शिकवलं आणि तुमच्याकडे डबाभर तूरडाळ असून तुम्ही कोको पावडर शोधता.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. पहिली, हातातून वाटी हिसकावायची नाही. पीठ सांडेल. सांडू दे. त्याच्याकडूनच भरून घ्या आणि किती सांडलं ते चमच्यानं मोजायला लावा. घाईच्या वेळी, डब्याची वेळ झाली असताना, हे करायला जाऊच नका, कारण तेव्हा तुम्ही ओरडणार आणि पोराच्या डोक्यात वाटी, अपूर्णांक आणि आईचं ओरडणं एकत्र बसणार. रविवार दुपार पुरे. दुसरी, लाटणं हातात घेऊन पाढे विचारायचे नाहीत. काही घरांत स्वयंपाकघराचं दुसरं ट्यूशन करून टाकतात. भाजी चिरतेय, सात नवे किती, बोल पटकन, नाही आलं, घे धपाटा. त्या पोराला पुढे भेंडीसुद्धा आवडत नाही.

सरकारनं २०२१ मध्ये निपुण भारत म्हणून मोहीम काढली, तिसरी होईपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आणि साधा हिशोब करता यावा. फलक लागले, आमच्याकडून तक्ते भरून घेतले. तक्ता मी भरते. पण तुमच्या ओट्यावरची वाटी मला शाळेत बसून दिसत नाही, ती तुम्हालाच बघावी लागेल.

आता काम सांगते, लिहून घ्या. नाही भाऊ, मोबाइलमध्ये नाही, या कागदावर. येत्या रविवारी खिचडी. दोघं भावंडं मिळून. माप तो घेईल, कारण आजवर त्यानं घेतलेलं नाही. लिहिणार ती, कारण आजवर तिनं स्वतःच्या नावानं लिहिलेलं नाही. पुढच्या रविवारी उलट. पानाच्या डाव्या बाजूला अंदाज, उजव्या बाजूला खरं माप, खाली फरक. खाडाखोड असेल तशी राहू द्या, खोडरबरानं चकचकीत केलेलं पान मी परत पाठवीन. आजीनं सांगितलेलं काही असेल तर तिच्या शब्दांत लिहा, अहिराणीत असलं तरी मला कळतं. मुलीनं वाटीत पाऊण सांगितलं की लगेच त्याच ओळीत १/२ + १/४ = ३/४ असं मांडून घ्या तिच्याकडून, आणि दोन षष्ठांश वाटी तेल कुठपर्यंत येतं तेही वाटीत भरून बघा दोघांनी. सोमवारी दोन्ही मुलं मधल्या सुट्टीत माझ्याकडे येतील.

वही तिच्यासाठी वेगळी घ्या, भावाच्या वहीच्या मागच्या पानांवर नको. आणि ट्यूशनचे या महिन्याचे पैसे भरले नसतील तर थांबा, दिवाळीपर्यंत बघू. आता सही करा इथं. दोघांची हवी. बाहेर पुढचे पालक उभे आहेत, जाताना त्यांना आत पाठवा, त्यांच्या मुलानं पिझ्झा लिहून आणला आहे.